काळा कोट आणि नगरपालिकेची खुर्ची

मुंबई महापालिकेच्या इतिहासात १९४६-४७ या वर्षाशी एका वकील बाईंचे नाव जोडलेले आहे. व्हायोलेट आल्वा त्या वर्षी महापालिकेत उपाध्यक्षपदावर होत्या, असे त्यांच्या चरित्रनोंदी सांगतात. त्याच वर्षी हिंगोली हे निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्याचे एक तालुक्याचे गाव होते. कापसाची मोठी पेठ, एकेकाळच्या छावणीची जागा आणि जवळच औंढा व नर्सी ही तीर्थे, एवढी त्याची ओळख. आज ही दोन्ही शहरे एका राज्यात आहेत आणि त्यांच्यात एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर आहे. मग मुंबईला १९४६ साली मिळाली तशी कायदा जाणणारी कारभारीण हिंगोलीला का मिळाली नाही? या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आपल्याकडे तयार असते: मराठवाडा मागास, लोक जुन्या विचारांचे, बायका घरात. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात सगळा दोष तिथल्या माणसांवर जातो आणि पुढे काही तपासावे लागत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. वकील बाई नगरकारभारात येण्यासाठी धाडस आणि हुशारी लागतेच, पण त्याआधी दोन जागा अस्तित्वात असाव्या लागतात. स्त्रीला उभे राहू देणारे न्यायालय ही एक, आणि नागरिकांनी निवडलेली, कायद्याने अधिकार दिलेली नगरसभा ही दुसरी. मुंबईत या दोन्ही जागा होत्या. त्यांपैकी एक बाईसाठी बंद होती आणि ती भांडून उघडावी लागली. हिंगोलीत मात्र ठोठावायला दारच नव्हते.

या दोन जागांचा एकमेकींशी संबंध काय, हे आधी पाहायला हवे. महापालिका ही सभा असली तरी ती कायद्यातून जन्मते आणि कायद्यावरच जगते. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा आहे, पुष्कळ दुरुस्त्यांसह तो आजही चालू आहे. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता या बॅरिस्टरांचा मोठा वाटा होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे समकालीनही वकीलच. या कायद्याने कारभाराची सत्ता आयुक्ताच्या हाती ठेवली आणि त्याला पैसा मंजूर करण्याची, जाब विचारण्याची, अडवण्याची ताकद नगरसेवकांना दिली. अशा रचनेत ज्याला कलम वाचता येते तो आयुक्ताला थांबवू शकतो आणि ज्याला येत नाही तो केवळ हात वर करतो. रस्त्याची रुंदी, नळजोडणी, घरपट्टीवरची हरकत, झोपड्या हटवण्याची नोटीस हे सगळे शेवटी एखाद्या पोटकलमापाशी येऊन थांबते. म्हणून मुंबईच्या नगरकारभारात पहिल्यापासून वकिलांची गर्दी राहिली. पुरुषांसाठी वकिली ही या कारभाराची सरळ पायरी होती आणि स्त्रियांना ती पायरी नाकारली की पुढचा जिनाही आपोआप बंद होत होता.

ती नाकारली कशी गेली, याचा पुरावा नाशिकपासून सुरू होतो. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. परत आल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. इतके करूनही त्यांना न्यायालयात उभे राहता येईना. पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांच्या इस्टेटींसाठी बंगाल सरकारने त्यांना १९०४ मध्ये सल्लागार म्हणून नेमले, म्हणजे कायद्याचे ज्ञान सरकारला हवे होते, फक्त काळा कोट द्यायचा नव्हता. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटण्याला फेटाळला गेला. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र सोराबजींची नोंद करून घेतली. तोच देश आणि तोच कायदा, पण न्यायालयागणिक उत्तर निराळे, अशी गंमत उभी राहिली. अखेर १९२३ च्या कायद्याने हा घोळ मिटवला: केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीतून वगळता येणार नाही. पाटणा आणि अलाहाबाद यांच्या निकालांतला फरक बायकांच्या लायकीतून आलेला नव्हता, तो नियमाच्या वाचनातून आला होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच १९२३ मध्ये मिठन टाटा लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबईला परतल्या. चार वर्षांपूर्वी त्या आई हेराबाई यांच्यासोबत लंडनला गेल्या होत्या, हिंदुस्थानातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क हवा अशी बाजू मांडायला. तो हक्क लंडनने दिला नाही, निर्णय प्रांतांवर सोडला. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये तो मर्यादित स्वरूपात मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून मिठनबाईंचे नाव घेतले जाते. त्यांच्या पहिल्या खटल्याची एक गोष्ट सांगतात. अशिलाने त्यांची निवड केली, कारण त्याची बाजू इतकी भक्कम होती की हरण्याची भीती नव्हती, आणि प्रतिपक्षाला बाईकडून हरण्याची नामुष्की यावी अशी त्याची इच्छा होती. ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. दार उघडल्यावरही आत येणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, ते तिच्यात दिसते. पण दार उघडले नसते तर त्या अशिलाला हा कुत्सितपणा करायलाही संधी मिळाली नसती आणि मिठनबाईंना तो खटला चालवायलाही. पुढे त्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागल्या, पारशी विवाह कायद्याच्या १९३६ च्या दुरुस्तीत त्यांनी काम केले आणि १९४७ साली मुंबईच्या शेरीफ झाल्या. शेरीफपद मानाचे, त्याला कारभाराची ताकद नसते. म्हणून नगरकारभारातल्या वकील बाईंचा शोध घेताना नजर त्यांच्यापाशी थांबत नाही, व्हायोलेट आल्वांकडे जाते.

व्हायोलेट यांचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबादचा. वडील लक्ष्मण हरी हे अँग्लिकन चर्चमध्ये धर्मोपदेशक झालेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक. नऊ भावंडांत व्हायोलेट आठव्या. सोळाव्या वर्षी आईवडील दोघेही गेले. मोठ्या भावंडांनी हात दिला म्हणून मुंबईच्या क्लेअर रोडच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झाले, मग सेंट झेवियर्स कॉलेज आणि त्यानंतर शासकीय विधी महाविद्यालय. मधल्या काळात महिला विद्यापीठात त्यांनी इंग्रजीही शिकवले. या तपशिलात एक गोष्ट दडली आहे. ज्या मुलीला सोळाव्या वर्षी कोणी पालक उरला नाही, तिला एकाच शहरात शाळा, कॉलेज आणि विधी महाविद्यालय होते. विधी महाविद्यालय तर १८५५ पासूनचे. भावंडांनी फी भरली, पण ती भरायला संस्था शहरातच होती. १९३७ मध्ये त्यांनी जोकिम आल्वांशी लग्न केले. तेही वकील, पत्रकार आणि काँग्रेसच्या चळवळीतले. दोघांनी मिळून वकिली मांडली. १९४३ मध्ये व्हायोलेट यांना अटक झाली तेव्हा पाच महिन्यांचे बाळ कडेवर होते, ते आईबरोबर आर्थर रोडच्या तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला वकील ठरल्या, अशी नोंद आहे. त्याच वर्षी त्यांनी स्त्रियांसाठी एक इंग्रजी मासिकही काढले. महापालिकेतल्या उपाध्यक्षपदाची वर्षे त्यानंतरची. मग १९४७ मध्ये मानद दंडाधिकारी, १९४८ ते १९५४ बाल न्यायालयाच्या अध्यक्ष, १९५२ मध्ये राज्यसभा, १९५७ मध्ये केंद्रात गृहखात्याच्या उपमंत्री आणि १९६२ पासून राज्यसभेच्या उपसभापती. त्या सभागृहाचे अध्यक्षस्थान सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

या चरित्रातल्या पायऱ्यांचा क्रम पाहा. तुरुंग, उच्च न्यायालय, महापालिका, बाल न्यायालय, संसद. आपल्याकडे स्त्री नेत्यांची चरित्रे लिहिताना तुरुंग आणि संसद ठळक होतात, मधले पुसट राहते. बाळाला घेऊन तुरुंगात गेलेली आई हे चित्र चटकन मनात बसते, महापालिकेच्या कामकाजाचे चित्र कोणाच्याच मनात बसत नाही. पण बाल न्यायालयाच्या अध्यक्षपदापर्यंत आलेली बाई अचानक आलेली नव्हती. भटकी मुले, घरे, दवाखाने, पाणी हे महापालिकेचे रोजचे विषय आणि न्यायालयाची शिस्त या दोन्हींची सवय असलेली ती बाई होती. राज्यसभेच्या खुर्चीवर बसून नियमावलीच्या आधारे सभागृह चालवायचे कामही त्याच जातीचे. संसदेच्या इतिहासकारांनी आल्वा दाम्पत्याची आठवण ठेवली. २००८ मध्ये दोघांचे टपाल तिकीटही निघाले. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीचा सांधा त्या मधल्या, कमी बोलल्या गेलेल्या वर्षांत दिसतो.

इथे पहिला आक्षेप येणारच. मुंबईची ही महापालिका तरी कोणाची होती? प्रौढ मताधिकारावर तिची निवडणूक प्रथम १९४८ मध्ये झाली. त्याआधी मत होते ते कर भरणाऱ्यांना किंवा ठरावीक भाडे देणाऱ्यांना. गिरणीतल्या बाईला, चाळीतल्या पोटभाडेकरूला ते नव्हते. शिवाय ज्या बायका पुढे आल्या त्या पारशी, ख्रिस्ती किंवा उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेल्या. मग मुंबईचा दाखला हिंगोलीला कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो मी पुसत नाही. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य होत नाही. मर्यादित मताधिकाराची का होईना, सभा होती, म्हणून तिच्यात १९२३ च्या सुमारास सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया येऊ शकल्या. अवंतिकाबाई काही धनाढ्य नव्हत्या. त्या प्रशिक्षित परिचारिका, चंपारणमध्ये गांधीजींबरोबर काम केलेल्या आणि गिरणगावातल्या बायकांमध्ये वावरणाऱ्या. सभा आधी उभी राहिली, मताधिकार तिच्यात नंतर रुंदावला, हा इतिहासाचा खरा क्रम आहे. अरुंद दार रुंद करता येते. जिथे भिंतच आहे तिथे रुंदीची चर्चा संभवत नाही.

आता हिंगोली. एकोणिसाव्या शतकात ती हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती: निजामाच्या पैशावर पोसलेले, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमातले सैन्य. छावणीचा बाजार, त्याचे व्यापारी, त्यांचे परवाने यांवर लष्करी अधिकाऱ्याची नजर, भोवतालच्या मुलखावर निजामाचे अंमलदार. फिलिप मेडोज टेलरने १८३९ मध्ये ठगांवरची आपली कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकिकत आहे. हरिसिंग नावाचा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. टेलर आणि इतर इंग्रज अधिकारी त्याच्याशी व्यवहार करत असत. मुंबईहून कापड येत असल्याची खबर लागल्यावर या हरिसिंगाने मुलकी काम पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून ते कापड आणण्याचा परवाना आधी काढून घेतला, मग कापडाच्या मालकाचा आणि त्याच्या माणसांचा वाटेत खून केला आणि त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून उघड विकला. ठगांच्या गोष्टी रंगवून सांगण्याची हौस त्या काळी फार होती, हे मान्य करूनही या हकिकतीतून एक गोष्ट कळते. हिंगोलीच्या बाजारात कागदाची सत्ता होती, पण तो कागद देणारा आणि तपासणारा एकच साहेब. नागरिकांची सभा नाही, प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही, परवान्यावर हरकत घेण्याची जागा नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला पुढे आपली महापालिका मिळाली, हिंगोलीच्या व्यापाऱ्याला साहेबाची मर्जीच राहिली.

१९०३ मध्ये कंटिंजंटचे सैन्य हिंदुस्थानच्या सैन्यात सामावले आणि हिंगोलीची छावणी उठली. मागे राहिला तो अव्वल तालुकदाराचा कारभार. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकदार, त्याच्या खाली दुय्यम, मग तहसीलदार. गावाची साफसफाई, दिवाबत्ती हे विषय सरकारी खात्याच्या मर्जीतले. निवडून आलेल्या, स्वतःचा कर बसवणाऱ्या, अंमलदाराला जाब विचारणाऱ्या नगरसभेची परंपरा जिल्ह्याच्या गावांत रुजली नाही. न्यायाच्या बाजूने पाहिले तर हैदराबाद राज्य सगळीकडेच मागे होते असे नाही. न्यायखाते आणि मुलकी कारभार वेगळे करण्याचे काम तिथे १९२१ मध्येच झाले, ब्रिटिश प्रांतांनी ते पुष्कळ नंतर केले. हा मुद्दा माझ्या विरोधात वापरता येतो: न्यायालये सुधारलेली होती, मग वकील बाई का नाही? त्याची कारणे दोन आहेत आणि दोन्ही कायद्याच्या भूगोलातली. १९२३ चा स्त्रीवकिलांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानांना तो लागू नव्हता. दुसरे, निजामाच्या न्यायालयांची आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. हिंगोलीतल्या मराठी मुलीला वकील व्हायचे तर आधी घरापासून दूर हैदराबादला जायचे, तेही दुसऱ्या भाषेत शिकायला, आणि मुळात मराठी शाळाच विरळ. खासगी शाळांवर १९२४ नंतर परवानगीचे कडक निर्बंध आले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, औरंगाबादची सरस्वती भुवन यांनी तग धरली म्हणून मराठवाड्यात चळवळीची एक पिढी तयार झाली, पण ती मुख्यतः मुलग्यांची.

त्या पिढीत वकील होते, आणि पुष्कळ होते. काशिनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू ही नावे हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या इतिहासात आहेत. १९३७ मध्ये परतूरला निजामाच्या राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा सुशिक्षितांचे जे बळ तिच्यामागे उभे राहिले, त्यातही वकिलांचा भरणा होता. फरक एवढाच की मुंबईचा वकील महापालिकेत जाऊन कारभार शिकत होता आणि मराठवाड्याचा वकील थेट चळवळीत जात होता, कारण मध्ये जायला दुसरी जागा नव्हती. जे पुरुषांना मिळाले नाही ते स्त्रियांना कोठून मिळणार? निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात बायका मागे नव्हत्या. दगडाबाई शेळके, आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन या नावांना मराठवाडा आजही मान देतो. बंदुका लपवल्या, निरोप पोहोचवले, सत्याग्रह केले. धाडसाची कमतरता नव्हती. पण हैदराबाद भारतात आल्यावर, १७ सप्टेंबर १९४८ नंतर, या धाडसाला कारभारात रूपांतरित करणारी यंत्रणा नव्हती. व्हायोलेट आल्वा तुरुंगातून सुटल्या तेव्हा त्यांच्यापाशी सनद होती, समोर उच्च न्यायालय होते, महापालिका होती. मराठवाड्यातली सत्याग्रही बाई सुटली तेव्हा तिच्यासमोर सत्कार होता.

मागासलेपणाचा सिद्धांत मानणाऱ्यांनी पुढचा इतिहासही नीट पाहावा. हिंगोलीजवळच्या कळमनुरीच्या रजनी सातव विधानसभेवर गेल्या आणि राज्यात मंत्री झाल्या. हिंगोली लोकसभा मतदारसंघाने १९९८ आणि २००४ मध्ये सूर्यकांता पाटील यांना दिल्लीला पाठवले, त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या. या जागा स्त्रियांसाठी राखीव नव्हत्या. जो मतदार बाईला खुल्या जागेवरून संसदेत पाठवतो, तो बाईला कारभार झेपत नाही असे मानत होता, हे म्हणणे टिकत नाही. इथल्या स्त्रीनेतृत्वाचा प्रवास उलट्या क्रमाने झाला, एवढेच यातून दिसते. मुंबईत नगरकारभारातून वर जाता आले, इथे वरच्या सभागृहांची दारे आधी उघडली आणि नगरपालिकेची नंतर. यावर कोणी म्हणेल की घराण्याचा आधार होता, पक्षाचा आधार होता. असेल. जोकिम आल्वांचा आधार व्हायोलेटना होता, हेराबाईंचा मिठनना होता आणि फिरोजशहांनाही त्यांचा वर्ग होताच. आधार नसलेला नेता इतिहासात शोधायचा तर फार भटकावे लागेल.

विलीनीकरणानंतर दोन्ही उणिवा हळूहळू भरून आल्या, पण एकाच वेळी नाही आणि एकत्रही नाही. १९५० च्या दशकात औरंगाबादला विधी महाविद्यालय सुरू झाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने देशभरच्या वकिलांसाठी एकच नियम आला आणि संस्थानी भागाचे वेगळेपण संपले. नगरपालिकांसाठी महाराष्ट्राचा एकत्रित कायदा १९६५ चा. त्या सभागृहांत बायका मोठ्या संख्येने आल्या त्या मात्र १९९० च्या दशकात. राज्याने आधी तीस टक्के जागा राखल्या, मग १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागांची हमी दिली आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ती निम्म्यावर नेली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या नगरपालिकांत बायका बसू लागल्या होत्या. मुंबईत वकिली आधी आणि नगरकारभार नंतर असा क्रम लागला. हिंगोलीत खुर्ची आरक्षणाच्या सोडतीतून आली, काळ्या कोटाचा तिच्याशी संबंध नव्हता.

इथेच दुसरा, जास्त बोचरा आक्षेप येतो. राखीव जागेवर आलेली बाई नावाची, कारभार नवऱ्याचा, सभेला तिचे यजमान येऊन बसतात, मग या इतिहासाला अर्थ काय? असे घडते हे नाकारण्यात अर्थ नाही, प्रत्येक तालुक्याला त्याची उदाहरणे तोंडपाठ आहेत. पण हा दोष स्त्री असण्याचा नाही. तो कायदा न वाचता सभागृहात बसण्याचा आहे आणि तो पुरुष नगरसेवकांतही भरपूर आहे. विषयपत्रिका मुख्याधिकाऱ्याने लिहायची, ठराव लिपिकाने लिहायचा आणि सभासदांनी सही करायची, हे चित्र आरक्षणाच्या आधीचे. १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी नगरपरिषदेचा ठराव थांबवू शकतो. कलम ४४ खाली नगरसेवकाचे पद जाऊ शकते. ही दोन कलमे ज्याला माहीत नाहीत तो कोणाच्या तरी सल्ल्यावर चालणारच. बाई नवऱ्याला विचारते हे लगेच दिसते, पुरुष कंत्राटदाराला विचारतो ते दिसत नाही. आणि कायदा बायकांविरुद्ध कसा फिरवला जातो, याचेही दाखले आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जमिनीवरच्या घरात राहते या आरोपावरून अपात्र ठरवले गेले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि निवडून आलेल्या स्त्रीला इतक्या सहज हटवण्याच्या वृत्तीवर टीका केली. जिथे अपात्रतेची नोटीस हे राजकारणाचे रोजचे हत्यार आहे, तिथे नोटिशीला स्वतः उत्तर लिहू शकणारी बाई आणि वकील शोधत फिरणारी बाई यांच्या स्थितीत फार अंतर असते.

म्हणून व्हायोलेट आल्वांचा वारसा शोधायचा तर तो मोठ्या शहरांच्या महापौरांपाशी थांबवू नये, असे मला वाटते. वारसा तिथेही आहे. मुंबईत १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. निर्मला सामंत-प्रभावळकर १९९४-९५ मध्ये मुंबईच्या आणि वंदना चव्हाण १९९७-९८ मध्ये पुण्याच्या महापौर झाल्या, आणि या दोघी व्यवसायाने वकील. पण महापालिकेचा महापौर कायद्याने पाहिला तर सभेचा अध्यक्ष. १८८८ च्या कायद्याने कारभाराची सत्ता आयुक्ताकडे आहे आणि पुण्यासारख्या महापालिकांचा कायदाही त्याच धर्तीचा. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष तसा नाही. १९६५ च्या कायद्याने तो स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती आहे, परिषदेच्या आर्थिक आणि प्रशासकीय कामावर देखरेख ठेवण्याचा अधिकार त्याला आहे, आणि आता त्याची निवड थेट मतदारांकडून होते. शहर लहान आणि पैसा कमी, पण कलमे मोजली तर हिंगोलीच्या नगराध्यक्षपदाला आपल्या सभागृहात जे अधिकार आहेत, ते मुंबईच्या महापौराला आपल्या सभागृहात नाहीत. या खुर्चीवर सोडतीने बाई येते, न्यायालयाच्या आवारात आता बायका वकिली करतात, आणि तरीही पक्ष उमेदवार निवडताना दोन्हीकडच्या बायका एकत्र आणायचा विचार क्वचितच करतात. ज्या शंभर वर्षांत हिंगोलीला सभा नव्हती आणि सनदही नव्हती, त्या काळासाठी निजामाला, छावणीला आणि संस्थानी कायद्याला जबाबदार धरता येते. १९९३ नंतरच्या काळासाठी असे कोणाकडे बोट दाखवायचे, ते तिकीट वाटणाऱ्यांनीच सांगावे.